आम्हाला रीतसर बुडू द्या

गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा बाबांनी दुकानाची उधारीची वही माझ्यापुढे सरकवली. "तुले एक्सेलमधी टाकता येते ना, टाक सारं. कोणाकडं किती हाय ते एकडाव दिसू दे."

मेडशीत आमचं कृषी सेवा केंद्र होतं. 'होतं' असं लिहायची सवय अजून व्हायची आहे. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूरचा घाट ओलांडला की आमचं गाव लागतं. सोयाबीन, तूर आणि पावसावर सोडलेला भरवसा, ही इथली शेती. बियाणं, खत, औषध उधारीवर न्यायचं आणि सोयाबीन विकलं की पैसे आणून द्यायचे, हा इथला व्यवहार. दुकानदार अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून उधार आणतो, शेतकरी दुकानदाराकडून. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली बोली लागत होती. ज्यांचं पीक घरात आलं त्यांच्याकडेही पैसे उरले नाहीत. त्याआधीचं वर्षही तसंच गेलं होतं.

दोन रात्री बसून मी शीट भरली. लोकांकडून येणं साडेचौदा लाख. देणं बावीस लाख: बँकेच्या कॅश क्रेडिटचे नऊ, पतसंस्थेचे सहा, ठोक व्यापाऱ्यांचे सात. म्हणजे गावातल्या प्रत्येकाने उद्या सकाळी येऊन पै न पै चुकती केली, तरी बाबा साडेसात लाखांनी बुडालेलेच होते. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी शेवटचा आकडा पाहिला आणि विचारलं, "मंग आता हे बंद कसं करतात?"

त्यांना फाइल बंद करायची नव्हती. सगळं प्रकरणच बंद करायचं होतं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या, पुण्यात बऱ्या पगारावर असलेल्या त्यांच्या मुलाकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी शोधायला लागलो. जे सापडलं त्याने आलेल्या रागातून हा लेख लिहितो आहे.

०००

आधी पुण्याचं सांगतो, कारण राग तिथून सुरू होतो.

माझी पहिली नोकरी एका स्टार्टअपमध्ये होती. ती कंपनी बंद पडली. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी रुपये गेले, आमचे शेवटचे दोन पगार गेले. संस्थापकाने लिंक्डइनवर लांबलचक पोस्ट लिहिली: आम्ही काय शिकलो, पुढे काय करणार. खाली शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'अपयश हीच खरी शाळा' वगैरे. वर्षभरात त्याने दुसरी कंपनी काढली. कायद्याच्या दृष्टीने त्याचं काही चुकलं नव्हतं. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजेच जबाबदारी मर्यादित. कंपनी बुडाली, त्याचा फ्लॅट, त्याची गाडी, त्याच्या बायकोचे दागिने जागेवर राहिले.

बाबांनीही धंदाच केला होता. फरक एवढाच की दुकान त्यांच्या नावावर होतं. दुकान आणि माणूस यांच्यात कायद्याने भिंत घातलेली नव्हती. त्यामुळे दुकान बुडालं आणि सोबत ते, आई, काका आणि थोडाफार मीही बुडालो. संस्थापकाला 'अनुभवी' म्हणतात. बाबांना गावात 'डुबला' म्हणतात. वर्षभर ते एकाही लग्नाला गेलेले नाहीत.

कोणी म्हणेल, कंपनीचा आणि माणसाचा हिशोब वेगळा. बरं, कंपनीचाच पाहू. औरंगाबादच्या व्हिडिओकॉन समूहावर देणेकऱ्यांचे मंजूर दावे होते सुमारे ६४,८३८ कोटींचे. जून २०२१ मध्ये मुंबईच्या कंपनी लवादाने जी योजना मंजूर केली ती होती सुमारे २,९६२ कोटींची. रुपयामागे साधारण साडेचार पैसे. बोली लावणारा जवळजवळ काहीच देत नाहीये, असं लवादाने स्वतःच्या आदेशात नोंदवलं आणि तरी मंजुरी दिली. पुढे अपील लवादाने जानेवारी २०२२ मध्ये ती रद्द केली, पण मुद्दा तो नाही. रुपयाचे चार पैसे घेऊन प्रकरण मिटवता येतं का, यावर सन्मानाने चर्चा करायची जागा या देशात आहे. वकील आहेत, लवाद आहे, मुदत आहे, ठराव आहे. बाबांना ती जागाच नाही.

०००

म्हणजे कागदावर आहे. तीच तर थट्टा आहे.

आपल्याकडे दिवाळं या शब्दाची एक गोष्ट सांगतात. पेढीवाला बुडाला की भर दिवसा दुकानात दिवा लावून बसायचा. येणाऱ्याने समजून घ्यायचं की इथला व्यवहार संपला. गोष्ट खरी असो नसो, मला ती आवडते. त्यात लाज आहे, पण शेवटही आहे. दिवा लावला की लपून राहायचं कारण उरत नाही. कायद्याच्या मराठीत दुसरा शब्द आहे, नादारी. आमच्या आजोबांच्या पिढीत शाळेत 'नादारी' मिळायची, म्हणजे गरीब मुलाला फी माफ व्हायची. म्हणजे 'याच्याकडे नाही' हे मान्य करून पुढे शिकू देण्याला आपल्या भाषेत शब्द होता, शाळेच्या दप्तरात त्याची नोंद होती.

मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा नादारी कायदा आहे आणि बाकी मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. तो आजही जिवंत आहे. देणं पाचशे रुपये किंवा जास्त असेल आणि फेडता येत नसेल, तर जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालयाने नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, देणेकऱ्यांत वाटली जाते, आणि यथावकाश मुक्तीचा आदेश मिळू शकतो. मी वाशीमला एका वकिलांना भेटलो. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "वीस वर्षांत असा एक अर्ज मी हातात धरलेला नाही. केलास तर तूच शिकवशील सगळ्यांना."

मग २०१६ आलं. संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांचा भाग त्याच वर्षी सुरू झाला. त्याच कायद्याचा तिसरा भाग साध्या माणसांसाठी आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. मी तो दोनदा वाचला आणि खरं सांगतो, तो बरा आहे. अर्ज केला की वसुलीला स्थगिती. देणेकऱ्यांशी बसून परतफेडीची योजना. योजना जमली नाही तर दिवाळखोरी, आणि त्यानंतर साधारण वर्षभरात मुक्तीचा मार्ग. सगळ्यात गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया.

हा भाग साध्या माणसाला अजून लागूच केलेला नाही. कायदा झाला, छापला, आणि ठेवून दिला. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त एका वर्गाला लागू झाला: कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही निवडक अंमलबजावणी वैध ठरवली.

माझे काका जामीनदारच आहेत. पण ते भावाचे जामीनदार आहेत, कंपनीचे नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी दार बंद.

आणि दार उघडलं तरी उंबरठा बघा. 'नवी सुरुवात' कोणाला? ज्याचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, पात्र कर्ज ३५,००० च्या आत, आणि ज्याच्या मालकीचं घर नाही त्याला. महिन्याला पाच हजार. आमच्या वहीत एका एका शेतकऱ्याची एका हंगामाची उधारी याहून मोठी आहे. शिवाय या भागात शैक्षणिक कर्जाला मुक्ती नाही. माझ्यासारख्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्या कर्जावर तुम्ही इंजिनिअर झालात, ते कायद्याने 'वगळलेलं' कर्ज आहे.

सॉफ्टवेअर लिहिताना पहिल्याच वर्षी शिकवतात की प्रोग्राम कधी ना कधी कोसळणारच, तेव्हा कोसळल्यावर काय करायचं ते आधी लिहून ठेवा. आपण देशभर कर्ज वाटणारी यंत्रणा उभी केली. फोनवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं. कोसळल्यावर काय, तो कोड लिहूनही ठेवला आहे. फक्त चालू केलेला नाही.

०००

दार बंद असलं की कर्ज जिथल्या तिथे राहत नाही. ते घरात फिरायला लागतं.

पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला. त्यात बाबांचं नाव होतं आणि जामीनदार म्हणून काकांचं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराचं सगळं विका, मग जामीनदाराकडे या, असा आपल्याकडे समज आहे. तो चूक आहे. काकांची चार एकर पुढच्या महिन्यात जप्तीत निघणार होती. काकू आमच्या घरी आली, आईजवळ बसली, चहा घेतला नाही, काही बोललीही नाही.

मी पुण्याला परतून सहा लाखांचं पर्सनल लोन काढलं आणि पतसंस्थेचे पैसे भरले. पाच वर्षं, दरमहा चौदा हजारांच्या आसपास. गावात माझं कौतुक झालं. पोरगा कर्तबगार निघाला. खरं म्हणजे मी एक रुपयाही कर्ज कमी केलं नव्हतं. बाबांच्या नावावरचं माझ्या नावावर आणलं होतं. आपल्या घरांत कर्ज फिटत नाही, त्याचं फक्त नाव बदलतं. बापाकडून भावाकडे, भावाकडून पोराकडे, पोराकडून पुढे त्याच्या बायकोच्या पगारावर. मला आलेल्या दोन स्थळांनी हे ऐकून निरोपच पाठवला नाही. मी त्यांना दोष देत नाही.

बँकेच्या वसुलीसाठी आलेला एकजण आईला म्हणाला होता, "पोरगं आयटीत हाय ना? बापाचं कर्ज पोराले भराच लागते." आणि वर, "नाही भरलं तर आत टाकतात." यातली दोन्ही वाक्यं खोटी आहेत. सही केलेली नसेल तर हयात वडिलांच्या कर्जाला मुलगा जबाबदार नाही. वडिलांच्या पश्चातही वारसाकडे जेवढी त्यांची मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, हा जुना नियम ९ सप्टेंबर २००५ पासून नव्या कर्जांना लागू नाही. आणि प्रामाणिकपणे फेडता येत नाही म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच सांगून ठेवलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. आईला रात्री साडेनऊला फोन यायचे.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की न्यायालयाच्या जप्तीत काही गोष्टींना हात लावता येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतीची अवजारं, शेतकऱ्याचं राहतं घर. आणि धार्मिक रूढीप्रमाणे जे दागिने बाई अंगावरून उतरवू शकत नाही ते. म्हणजे जे मंगळसूत्र कुठलंही न्यायालय जप्त करू शकलं नसतं, ते आईने स्वतः जाऊन सोनेतारणात ठेवलं होतं. मला तीन महिन्यांनी कळलं. तिला हे कलम कोणी सांगितलंच नव्हतं. नोटिशीवर काय काय नेऊ ते छापलेलं असतं. काय नेता येणार नाही ते कुठेच नसतं.

०००

आता जे लिहायला हात अडतो ते.

आमचा वाशीम जिल्हा पंतप्रधानांच्या २००६ च्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. बाकीचे यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वर्धा. ते पॅकेज का आलं हे सगळ्यांना माहीत आहे. राज्य शासन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देतं. त्यासाठी समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. कसोट्या अशा: नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्ज परतफेडीचा तगादा.

या कसोट्या नीट वाचा. माणूस प्रामाणिकपणे बुडाला होता का, त्याच्यावर खरंच कर्ज होतं का, वसुलीचा जाच होता का. जगभर दिवाळखोरीचं न्यायालय साधारण हेच प्रश्न विचारतं, पण समोर जिवंत माणूस बसवून. आपल्याकडे हे प्रश्न शासन विचारतं, पंचनामा करतं, कागद जोडतं, निर्णय देतं, आणि ते सगळं माणूस गेल्यावर. कर्जात मेलेल्याचा नमुना तहसीलमध्ये तयार आहे. कर्जात जगणाऱ्याचा नमुना नाही.

आत्महत्या एका कारणाने होत नाही, हे मला कळतं. एखादा कायदा आला की सगळं थांबेल असं मी म्हणत नाही. पण त्या उन्हाळ्यात मी आणि आईने आळीपाळीने जागून रात्री काढल्या आहेत. तेव्हा बाबांना सांगायला माझ्याकडे 'सगळं ठीक होईल' एवढंच होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांना शीटवर दिसत होतं. अमुक तारखेला अमुक ठिकाणी हा अर्ज दिला की फोन थांबतील, एवढं एक वाक्य मला हवं होतं.

०००

"मग सगळेच कर्ज बुडवतील." हा आक्षेप मला माझ्याच टीममधल्या मुलांनी घेतला. त्यांच्या डोक्यात कर्जमाफी असते. दोन्हींत फरक आहे.

कर्जमाफीत तुम्ही काही देत नाही आणि काही मागतही नाही. सरकार एक तारीख ठरवतं, एक रक्कम ठरवतं. २००८ ला दोन हेक्टरची अट, २०१७ ला दीड लाख, २०१९ ला दोन लाख. तारखेच्या अलीकडचा सुटतो, पलीकडचा राहतो. नियमित फेडणारा मूर्ख ठरतो. आणि ती फक्त शेतीकर्जाला. उधारीवर बियाणं देणारा दुकानदार, बचत गटाची बाई, रिक्षावाला, ॲपवरून कर्ज घेतलेला पोरगा यात कुठेच नाही. माफी ही राजाची मर्जी आहे. पुढची कधी, हे निवडणुकीला विचारायचं.

दिवाळखोरी म्हणजे हिशोब. सगळी मालमत्ता मांडावी लागते, सगळे देणेकरी सांगावे लागतात, लपवलं तर शिक्षा, लबाडीने घेतलेल्या कर्जाला मुक्ती नाही. मुक्ती मिळेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही, हे तर राज्यघटनेतच आहे. ज्याला बुडवून मजा करायची आहे तो या रांगेत उभा राहणार नाही. तो परदेशात जातो. इंग्लंडमध्ये साधारण वर्षभरात दिवाळखोर माणूस मोकळा होतो, अमेरिकेत बहुतेक साधी प्रकरणं काही महिन्यांत मिटतात, आणि त्या देशांत कर्ज देणं काही बंद पडलेलं नाही. तिथल्या बँका कर्ज देण्याआधी विचार करतात, एवढंच. आमच्या पतसंस्थेने बाबांचं कर्ज तीनदा नव्याने करून दिलं होतं. तो विचार त्यांनी कधीतरी करायला नको होता का?

आणि हे काही परकं खूळ नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या कर्जरोख्यांवर तुटून पडले. इंग्रज सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली, नादारीची वेगळी तरतूद आली, मूळ व्यवहार तपासायचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. आमच्या वऱ्हाडासाठी १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा कायदा झाला. परक्या सरकारला दंग्यानंतर चार वर्षं लागली. आपण २०१६ ला स्वतः केलेला कायदा अजून कपाटातून बाहेर काढत नाही.

०००

म्हणून मागणं साधं आहे. तिसरा भाग साध्या माणसाला लागू करा. साठ हजार आणि पस्तीस हजारांच्या मर्यादा आजच्या जगण्याला धरून वाढवा. त्या कायद्याप्रमाणे अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे करायचा आहे, म्हणजे आमच्यासाठी नागपूर. मेडशीच्या माणसाला दिवाळं काढायलाही उसने पैसे घेऊन नागपूरला जावं लागणार असेल तर तो कायदा नागपूरपुरताच राहील. तो तालुक्याच्या न्यायालयात आणा, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील सोबत द्या. भाऊ, मेव्हणा, शेजारी म्हणून सही केलेल्या जामीनदाराचा विचार त्याच अर्जात करा. १९२० च्या कायद्यात कर्जदार सुटला तरी जामीनदार अडकलेलाच राहतो. आमच्याकडे जामीनदार म्हणजे घरचाच माणूस. आणि प्रत्येक वसुली नोटिशीवर मराठीत छापा की काय काय जप्त करता येत नाही.

यातलं एकही मागणं फुकटाचं नाही. बाबा दुकानातला उरलेला माल, रॅक, वही, सगळं द्यायला तयार होते. घ्यायलाच कोणी नव्हतं.

दिवाळीला पुन्हा घरी गेलो होतो. बँकेचं अजून चालू आहे, ठोक व्यापाऱ्यांपैकी एकाने निम्म्यावर मिटवलं, बाकीचे थांबलेत. काकूने या वेळी चहा घेतला. बाबा सकाळी लवकर उठून बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सोयाबीनवरच्या अळीवर कोणतं औषध मारायचं ते अजून सांगतात, फुकट. माझी शीट त्यांनी छापून घेतली आहे आणि वहीत घडी घालून ठेवली आहे. जुन्या वहीत खातं मिटलं की त्यावर आडवी रेघ ओढून 'बेबाक' लिहायची रीत होती. आजोबांच्या अक्षरातली अशी कितीतरी पानं आहेत.

"माह्या खात्यावर अशी रेघ कोण मारते रे?" बाबांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाही. ते २०१६ मध्येच लिहून झालेलं आहे. आता फक्त ते लागू करायचं आहे.